डाव्या बाजूचं ओझं

तर नादोचं गाठोडं माझ्या पडवीत येऊन पडलं, इथवर काल आलो होतो. रविवारची सकाळ. ऊन अजून पत्र्यावरून खाली उतरलं नव्हतं. पुढे नादो, मागे त्याची सून फुर्किट, आणि गाठोडं तिच्या पाठीवर. नादोनं ते स्वतःच्या हातानं उतरवलं, पूर्वेला तोंड करून भिंतीशी टेकवलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मला म्हणाला, "माइला, मी निघालो बरं का." एवढं बोलून तो घरी चहा प्यायला गेला.

हसू नका. ज्योतिषी लामांनी त्याला भूतानला जायला रविवार चांगला काढून दिला होता. पण आमच्या पेडोंगहून भूतानच्या सीमेवरच्या जयगावला जाणारी जीप आठवड्यातून एकदा, बुधवारी. आणि बुधवारी पूर्वेला पाऊल टाकायचं म्हणजे लामांच्या मते पाय मोडून घ्यायचा. मग काय करायचं? रविवारीच शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला, उरलेला माणूस बुधवारी जाऊन गाठोड्याला गाठतो. नियम दोनच. बाहेर पडलेलं गाठोडं पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, आणि पहिला मुक्काम होईपर्यंत त्याची गाठ सोडायची नाही. मोडलं तर प्रवास मोडला.

आणि हा प्रवास मोडून चालणार नव्हता. नादोची थोरली बहीण किंझोम भूतानात, पारोच्या वरच्या अंगाला एका लहानशा गोम्फात, मठात, भिक्षुणी होती. येत्या शनिवारी, पौर्णिमेला, ती साधनेला आत बसणार होती. तीन वर्षं, तीन महिने, तीन दिवस. एकदा दार बंद झालं की कुणाला तोंड दाखवायचं नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नादो चौऱ्याहत्तरचा, आणि बासष्ट वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. आता हिशेब तुम्हीच करा. शुक्रवारपर्यंत पोचला तर भेट, नाही तर राहिलं ते राहिलंच. तिकडच्या पुतण्यानं आमच्या बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानात फोन करून निरोप दिला होता, "आत्या म्हणते, यायचं तर ये. पण काही आणू नको. माझं आहे तेच मी वाटून टाकतेय."

हे शेवटचं वाक्य नादोला लागलं. का लागलं ते कळायला नादो काय होता ते कळलं पाहिजे.

बारा वर्षांचा असताना तो काकाच्या खेचरांबरोबर पारोचा लाल तांदूळ घेऊन सीमेपलीकडे तिबेटात फारीच्या बाजाराला गेला. तिथून परत फिरायचं सोडून तिबेटची लोकर घेऊन खाली येणाऱ्या तांड्यात घुसला आणि घाट उतरून आमच्या पेडोंगला आला. का, ते त्याला कधी सांगता आलं नाही. "खेचरं चालत होती, मीपण चालत होतो," म्हणायचा. इथे तो ओझी बांधायला शिकला. आमच्या बाजारात तेव्हा रोज शे-दीडशे खेचरं उतरायची, आणि त्यांची ओझी बांधणारे दहा-बारा जण होते. त्यांत नादोसारखा एक नाही. वर जाताना कापड, साबण, आरसे, रॉकेल, खाली येताना लोकर. एकदा एका व्यापाऱ्याचे अडीचशे कंदील त्यानं ल्हासापर्यंत पाठवले, एक काच तडकली नाही. व्यापारी म्हणाला, देवाची कृपा. नादो म्हणाला, देवाला गवत कुठे भरता येतं?

खेचराच्या पाठीवर ओझं दोन बाजूंना असतं, डावी गोण आणि उजवी गोण. दोन्ही सारख्या हव्यात. अर्धा शेर इकडेतिकडे झालं तर पहिल्या चढाला पालाण सरकतं, दुसऱ्या चढाला पाठ सोलवटते आणि तिसऱ्याला खेचर दरीत. आळशी बांधणारे हलक्या बाजूला धोंडा घालायचे. नादोनं जन्मात धोंडा घातला नाही. वजन कमी पडलं तर सगळं सोडून पहिल्यापासून बांधायचा. हातानं उचलून वजन सांगायचा, आणि तराजू चुकला तर चुकला, नादो चुकत नसे. बासष्ट साली घाट बंद झाला, खेचरं गेली, पण त्याची सवय कुठे जाते? तो आल्याची आणि मोठ्या वेलचीची पोती ट्रकमध्ये रचायला लागला, आणि तीसुद्धा अशी रचायचा जणू जरा चुकलं तर ट्रकही खेचरासारखी बसकण मारेल.

याआधी दोनदा तो बहिणीला भेटायला निघाला होता. पहिल्यांदा पंचविशीत, स्वतःची दोन खेचरं घेऊन. घाटाच्या पायथ्याशी दुसऱ्याच कुणाचं ओझं कलंडलेलं दिसलं. ते बांधून द्यायला थांबला, बांधता बांधता मालकाशी भांडला, आणि भांडण संपेना म्हणून त्याच्याबरोबर उलट्या वाटेनं कालिम्पोंगला गेला. दुसऱ्यांदा बसनं निघाला. वाटेत बस चहाला थांबली, तिथे वेलचीची पोती कुणी तरी आडवी रचत होतं. नादो उतरला. बस गेली. संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाला, "काय करू, डोळ्यांनी बघवेना." बायको बिचारी गेली, पण जाईपर्यंत ही गोष्ट तिनं सगळ्या पेडोंगला ऐकवली.

तर रविवारी दुपारी मी जेवून जरा आडवा झालो होतो. पडवीत पावलं वाजायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. उठून बघतो तर नादो. मी त्याला दाइ म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ.

"दाइ, तू तर निघालास ना?"

"माइला, डावी बाजू झाली. उजवी राहिली."

"कसली उजवी?"

"हे एक गाठोडं आहे. एका बाजूचं. दुसरं कुठे आहे?"

मी म्हटलं, "दाइ, जीपला डावी-उजवी नसते. ती कलंडत नाही."

"तू शाळेत गेलेला माणूस, तुला नाही कळायचं," तो म्हणाला. मी चौथीपर्यंत गेलो होतो, तेवढ्यावर त्यानं जन्मभर मला ऐकवलं. त्यानं गाठोडं दोन बोटांवर जरा उचललं. "बारा शेर. वर पाव. एवढंच दुसरं पाहिजे." आणि तो लगबगीनं गेला.

त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात काय चाललं होतं, ते मला फुर्किटकडून कळत होतं, कारण ती दर तासाला मीठ मागायला, विस्तव मागायला, काही तरी मागायला आमच्या म्हातारीकडे, माझ्या बायकोकडे, यायची आणि तोंड मोकळं करून जायची. तिचा नवरा, नादोचा मुलगा, फौजेत, सीमेवर. घरात ही दोघंच.

"काकी, सकाळी आलं भरलं. पाच शेर. मग म्हणाले, तीन वर्षं आत बसणारी बाई आलं कुटत बसेल का? काढलं. मग घोंगडी भरली. मग म्हणाले, तिच्याकडे घोंगडी असणारच, ती वाटून टाकत असणार, आपली पण वाटेल. काढली. मग माझा कुकर भरला. माझा कुकर, काकी."

"काढला का?"

"मी काढला."

सोमवारी छुर्पीच्या माळा भरल्या. आमची छुर्पी म्हणजे दुधाचं वाळवलेलं चीज, दगडासारखं, एक तुकडा गालात धरला की डोंगर चढून होतो. मग त्याच्या लक्षात आलं की बहिणीला दात उरले असतील-नसतील. माळा बाहेर. लोण्याचा गोळा आत, बाहेर. मेणबत्त्या, उदबत्त्या, एक छत्री. छत्री आत बसणाऱ्याला कशाला, असं फुर्किटनं विचारलं तेव्हा तो तिच्यावर खेकसला आणि तासाभरानं छत्री खुंटीला होती. रात्रीचं जेवण त्यानं उभ्यानं केलं. झोपेत गाठी मारत होता म्हणे, पांघरुणाला.

आणि मधूनमधून माझ्या पडवीत. यायचा, गाठोड्याभोवती फिरायचा, पायानं जरा ढोसायचा, जायचा. मी एकदा विचारलं, "ह्यात भरलंयस काय ते तरी सांग."

"भरलंय."

"अरे पण काय?"

"तुला काय करायचंय? तू राखण कर."

मंगळवारी सकाळी फुर्किटला वाटलं, आता ह्याचा शेवट करावा. सासरा अंघोळीला गेलेला बघून तिनं उजव्या पोत्यात उदबत्त्या, लोणी, घोंगडी सगळं पुन्हा भरलं आणि तरी कमी पडतंय म्हणून घोंगडीच्या घडीत स्वयंपाकघरातला वरवंटा घातला. तोंड शिवून टाकलं. मनात म्हणाली, जयगावला कळलं तर कळलं, तोवर गाडीत तरी बसतील.

नादो अंघोळ करून आला. पोतं उचललं. उचललं म्हणजे काय, नुसतं जमिनीवरून वीतभर. आणि खाली ठेवलं.

"ह्यात धोंडा आहे," तो म्हणाला.

"बा, वरवंटा आहे," फुर्किट म्हणाली. बिचारी खोटं बोलायला शिकली नव्हती.

त्यानंतर तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. ओल्या केसांनीच घराबाहेर पडला आणि सरळ माझ्या पडवीत आला. मागे फुर्किट, पदराला हात पुसत.

"माइला, गाठोडं दे."

"कशाला?"

"घरी नेतो. नाही जात मी."

मी तिथेच पायरीवर मटार सोलत बसलो होतो. उठलो, आणि काय सुचलं कोण जाणे, जाऊन गाठोड्यावरच बसलो. मऊ लागलं. चांगलंच मऊ. मी मनात म्हटलं, ह्या माणसानं भरलंय तरी काय?

"ऊठ."

"नाही उठत. ह्याला उंबऱ्याच्या आत नेलंस की प्रस्थान मोडलं. मग पुढचा चांगला दिवस तीन वर्षांनी. तेव्हा तू सत्त्याहत्तर आणि ती एक्क्याऐंशी."

"तीन महिने वर," फुर्किट मागून हळूच म्हणाली.

"तू गप बस, धोंडेवाली."

तो अंगणात येरझारा घालायला लागला. कोंबड्या बाजूला झाल्या. आमची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बसून राहा. मी बसून राहिलो. दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या. मग तो माझ्यासमोर थांबला आणि माझ्याकडे न बघता, कोंबड्यांकडे बघून बोलला.

"निघालो तेव्हा तिनं मला शिदोरी बांधून दिली. सोळा वर्षांची होती. भात, सुकं मांस, मिरची. केळीच्या पानात नाही, आमच्याकडे केळी कुठे. कापडात. मला म्हणाली, गाठ सैल आहे, वाटेत नीट बांध. तिला बांधता येत नव्हतं. मी ते तांड्यातल्या पोरांना सांगितलं, सगळे तिला हसले. मीपण हसलो. आता ती म्हणते काही आणू नको. मी जन्मभर जगाचं सामान बांधलं, माइला. आणि तिच्यासमोर हात हलवत जाऊ? आणि नेलं तर ती वाटून टाकणार. मग न्यायचं काय?"

बोलली ती आमची म्हातारी, सुकमाया. पण ती उपदेश करणारी नव्हे. ती म्हणाली, "नादो दाइ, तुम्ही खेचरवाले मुक्काम कशाला म्हणता?"

नादोला हा प्रश्न धंद्याचा वाटला, म्हणून त्यानं नीट उत्तर दिलं. "ओझी उतरली आणि चहा उकळला की मुक्काम. मग ते घर असो की झाड."

"ओझं तर रविवारीच उतरलंय," म्हातारी म्हणाली आणि आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं.

नादोच्या तोंडावर हळूहळू काही तरी आलं. लबाडी म्हणा. तो आयुष्यभर नियमानं चाललेला माणूस, आणि हे तर नियमातच बसत होतं. मुक्काम झाला म्हणजे गाठ सोडायला हरकत नाही. चहा लोणी-मिठाचा होता. तो पेलाभर उभ्यानं प्याला, दुसरा बसून प्याला. बऱ्याच वेळानं तो बसलेला दिसला. मग म्हणाला, "माइला, ऊठ. माझं सामान माझं मी सोडतो."

मी उठलो. त्यानं गाठ सोडली. वर त्याचा चांगला बखू, गोम्फात जाताना घालायचा अंगरखा. मान म्हणून गळ्यात घालायच्या दोन पांढऱ्या रेशमी खाद्या. लोकरीचे मोजे. ऊन पाण्याची पिशवी, रबराची. लाकडी वाटी. आणि खाली, घडी न घालता गुंडाळलेली, एक जाड गादी. हात-दीड हात रुंद, मधून जरा खोलगट, कडेनं चामड्याची शिवण.

मी ती ओळखली. पेडोंगचा कुणीही म्हातारा ओळखेल. पालाणाखाली खेचराच्या पाठीवर टाकतात ती गादी. आत मेंढीची लोकर, मधे बकरीच्या केसांचा थर, म्हणजे घाम धरत नाही आणि घट्टे पडत नाहीत. तशी गादी बनवणारं आता कुणी उरलेलं नव्हतं.

"तीन वर्षं बसायचंय," नादो म्हणाला. "लाकडी पेटीत बसतात साधनेला. झोपतातसुद्धा बसूनच. हाडं आहेत नुसती आता तिची, पुतण्या म्हणत होता." मग त्याचा आवाज बारीक झाला. "पण ती म्हणेल, नादोनं मला खेचर केलं."

मला हसू आलं, मी ते दाबलं नाही. फुर्किट हसली, म्हातारी हसली. नादो सगळ्यांकडे रागानं बघत होता आणि गादीवरून हात फिरवत होता. फुर्किट पुढे झाली, गादी उलटीपालटी करून बघितली, अंगठ्यानं दाबली.

"बा, ही कुणाला वाटून टाकणार ती?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या कामाची आहे?"

नादोनं माझ्याकडे दोरी मागितली. गादी एका बाजूला घेतली, बाकीचं सगळं दुसऱ्या बाजूला. मग सुरू झालं. बखू इकडे, मोजे तिकडे. वाटी इकडून तिकडे. रबरी पिशवी तिकडून इकडे. फुर्किटला घरी पिटाळून छुर्पीची एक माळ मागवली, तिचे चार मणी तोडले, पुन्हा दोन ओवले. दुपारचा वरण-भात पुढे आला आणि गार झाला. मी मोजलं नाही, पण चांगला दीड तास ही वाटणी चालली होती. शेवटी त्यानं एक गाठोडं डाव्या हातात घेतलं, एक उजव्या हातात, आणि डोळे मिटून अंगणात उभा राहिला. सहा शेर आणि सहा शेर.

तो घरी गेला नाही. गेला असता तर मुक्काम मोडला असता, किंवा दुसराच कुठला नियम निघाला असता, कोण सांगणार. माझ्या पडवीतच राहिला. बुधवारी सकाळी जीप आली तेव्हा तो तासभर आधीपासून रस्त्यावर होता. दोन्ही गाठोडी दोन खांद्यांवर, मधे पट्टा. ड्रायव्हर म्हणाला, "बाजे, आजोबा, वर टपावर टाका." नादो म्हणाला, "बांधतोस कसं ते आधी दाखव." ड्रायव्हरनं दाखवलं. नादोनं बघितलं, तोंड वाकडं केलं, हात पुढे गेला. मी म्हटलं, आता ही तिसरी खेप गेली. फुर्किटनं माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. पण नादोनं हात मागे घेतला, दोन्ही गाठोडी मांडीवर घेतली आणि आत जाऊन बसला. जीप वळणावर जाईपर्यंत तो मान बाहेर काढून टपावरची दुसऱ्यांची बोचकी बघत होता. गाडी एकदा थांबलीसुद्धा. का थांबली ते माहीत नाही. पुन्हा चालू झाली.

पुढचे दहा दिवस मी काही धड केलं नाही. मटार जून झाले. रोज संध्याकाळी फुर्किट यायची आणि विचारायची, "काका, पोचले असतील का?" आणि मी म्हणायचो, पोचला, न पोचायला काय झालं. आणि दोघंही रस्त्याकडे बघायचो, कुठल्या तरी ट्रकच्या मागे उभा राहून भांडताना तो दिसतो का म्हणून. शुक्रवार गेला. पौर्णिमा गेली. टेलिफोनच्या दुकानात दोनदा जाऊन आलो, फोन नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी तो आला. बाजाराच्या बाजूनं, चालत. दोन्ही खांदे मोकळे. बखू अंगातच होता आणि त्याच्या दोन्ही बाह्यांवर कोपरापर्यंत माती वाळलेली होती. घरी न जाता तो माझ्या पायरीवर येऊन बसला. सुकमायानं पाणी दिलं, ते प्याला. फुर्किट धावत आली आणि थोडी लांब उभी राहिली. शेवटी मीच विचारलं.

"दाइ, भेट झाली?"

नादो म्हणाला, "झाली. दीड दिवस बोलत होतो, ती जास्त आणि मी कमी. शनिवारी सकाळी गादी घेऊन ती आत गेली. दार लावून वरून मातीनं लिंपायचं असतं, ते तिथल्या पोरी लिंपत होत्या. फटी राहत होत्या. मी म्हटलं, सरका गं, आणि मी लिंपलं. आता वारा जायचा नाही आत. जेवण द्यायला हात जाईल एवढं भोक ठेवलंय. त्यातून तिनं बोटं बाहेर काढून माती चाचपून बघितली आणि म्हणाली, घट्ट आहे."